प्रसादाला नाव ठेवत नसतेत

जळकोट
५ जानेवारी २०२५

माझ्या सृष्टीबाईला अज्जीचे लई लई आशीर्वाद.

हे पत्र मी माझ्या हातानं लिहून राहिले. पेनानं न्हाई, बोटानं. एकेक अक्षर हुडकते आन् दाबते. तू मार्गशीर्षाच्या अवसेला, येळवसेला आली, हे जुनं लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवलं आन् म्हणली, अज्जी, फोनवर तुला ऐकू येत न्हाई, मला ओरडून घसा दुखतो, आता पत्र लिहायचं. मला वाटलं पोरगी चेष्टा करून राहिली. दुसरीत माझी शाळा सुटली, म्हशीमागं गेले, ती म्हैस मेली तरी मी काय शाळेत परत गेले न्हाई. म्हातारपणी त्या साक्षरतेच्या बाईनं जेवढं शिकवलं तेवढंच. आन् आता बघ.

तू बनवलेली ही लॅपटॉपातली ‘पाटी’ लई शहाणी हाय गं. एक शब्द लिहिला की आतली बाई तो वाचून दावती. मी पहिलं ‘शिव’ लिहिलं. ती म्हणली, शिव. अंगावर काटा आला. जल्मात पहिल्यांदा माझं लिहिलेलं कोनीतरी वाचलं.

तू दिली तवा अक्षर मुंगीएवढं होतं आन् ती बाई आडतीतल्या सौद्यावानी भरभर बोलायची. मग तू पाटीच्या पोटातली एक फाईल उघडून दावली. म्हणली, अज्जी, ह्यात जसं लिहिशील तशी पाटी वागल, पाटी तुझी हाय. तवा अक्षर केलं लिंबाएवढं. पाटी काळी, अक्षर झेंडूच्या रंगाचं. आन् बाईला म्हणलं, हळू बोल माय, गडबड काय हाय. आता माझ्या चष्म्याला पन विश्रांती.

दुपारी भांडी झाली की केवळाबाई येती. शेजारची, तुला ठाव हाय, तोंडानं फाटकी पन मनानं सोनं. तिची शिल्पा लातूरला नांदती. केवळा म्हणती, लेकीला माझ्या हातचं पत्र गेलं पायजे, जावयाला कळू दे सासू अंगठेबहाद्दर न्हाई. रोज दोन ओळी लिहिती. मंजुश्री म्हणती, अत्ती, तुम्ही दोघींनी आपल्या दुकानाकडं बघायचं सोडलं. सुनेनं बोलावं आन् सासूनं ऐकावं असे दिवस आले, त्यात पन मजा हाय.

येळवसेच्या दिवशी शेतात तू सगळ्यांसाठी आंबील केली. समद्यांनी पिली, थेंब ठेवला न्हाई. समद्या भाज्यांची ती भज्जी तर माझीच होती, तिचं काय सांगायचं.

तू म्हणत होती ती पाटी कोन्या मोठ्या भांडारात जाणार. ते कुठं हाय? नांदेडात का लांब? तिथं कोन बसतं?

तुझी अज्जी
(रत्नम्मा, हे पन मीच लिहिलं)

*

नांदेड
९ जानेवारी २०२५

अज्जी, शरणु शरणार्थ.

तुझं पत्र मी ऑफिसात उघडलं आणि सगळ्यांसमोर रडले. शेजारच्या खुर्चीवरचा आनंदराज विचारतो, घरी काही वाईट झालं का? म्हटलं, नाही रे, माझ्या अज्जीनं ‘शिव’ लिहिलं.

भांडाराचं सांगते. त्याला भिंती नाहीत. जगभरातली माणसं फुकट वापरायला द्यायचे प्रोग्रॅम बांधून तिथं ठेवतात. ज्याला हवं तो एका दाबासरशी घेतो. पाटी तिथं गेली की गावोगावच्या वाचनालयांतल्या जुन्या संगणकांवर ती आपोआप पोचेल. तुझ्या आणि केवळामावशीसारख्या किती बायका असतील, अज्जी! माझा सगळा जीव त्यात अडकलाय. पण फेब्रुवारी संपला की नवं काही आत घेणं बंद करतात. मग पुढच्या खेपेपर्यंत वाट बघायची, ती वर्षावर जाते.

त्या भांडाराच्या दारावर उमाशंकर म्हणून एक जण आहेत. धारवाडला राहतात. पगार नाही, हौसेनं तपासतात. त्यांनी माझं गाठोडं, म्हणजे बांधून दिलेली पाटी, परत पाठवलं. तू जिच्यात अक्षर लिंबाएवढं केलंस ती फाईल मी पाटीच्या स्वतःच्या फोल्डरमध्येच ठेवली आहे. त्यांचं म्हणणं, मालकानं बदलायच्या गोष्टींसाठी संगणकात ‘इटीसी’ नावाचं वेगळं दालन असतं, ती तिथं ठेवा आणि ही मालकाची आहे अशी खूण करा. नाहीतर नवी आवृत्ती आली की मालकानं केलेले बदल पुसले जातील. मी म्हटलं, मी त्या फाईलला नव्या आवृत्तीत हातच लावला नाही, तर ती पुसली कशी जाईल? आणि सगळं एका फोल्डरमध्ये असलं की सोपं असतं. ते ऐकत नाहीत. एकदम खवट माणूस!

तर असं कर. दोन दिवसांत पाटीची नवी आवृत्ती येईल. वर एक पट्टी दिसेल, ‘हो’ दाब. आणि सगळं नीट चाललंय का ते मला लिही. तुझं उत्तर मी त्यांना दाखवणार आहे.

तुझी सृष्टी

*

जळकोट
२० जानेवारी २०२५

प्रिय सृष्टी,

अनेक उत्तम आशीर्वाद. पत्रास कारण की, नवीन पाटी मिळाली. ती फारच छान आहे. सर्व काही उत्तम प्रकारे चालू आहे. आमच्याकडून कोणतीही अडचण नाही. तू चिंता करू नये. येथील सर्व मंडळी खुशाल आहेत.

तुझी,
अज्जी

*

नांदेड
२२ जानेवारी २०२५

अज्जी, शरणु शरणार्थ.

जिंकलो! तुझं पत्र मी जसंच्या तसं उमाशंकरना पाठवलं. लिहिलं, माझ्या अज्जीनं स्वतः ती फाईल बदलली होती, नवी आवृत्ती घेतली, आणि बघा, कोणतीही अडचण नाही.

पण अज्जी, तू रागावलीस का माझ्यावर? पत्रात म्हैस नाही, केवळामावशी नाही, कुणाला एक टोमणा नाही. ‘आमच्याकडून कोणतीही अडचण नाही’ असं तर वीजबिलाच्या ऑफिसातले लिहितात. तब्येत बरी आहे ना? दुकानावर विरूपाक्षकाकांना फोन केला तर म्हणाले, माझ्या अव्वाचं सगळं झकास आहे, आणि लगेच गिऱ्हाईक आलं.

उमाशंकरनी उत्तर दिलंय. लिहितात, ‘तुमच्या अज्जींचा शब्द मी मोडणार नाही. फक्त त्यांना एवढं विचारा, अक्षर आता किती मोठं आहे?’

म्हणून विचारते. लिंबाएवढंच आहे ना?

तुझी सृष्टी

*

जळकोट
३ फेब्रुवारी २०२५
(वहीच्या पानावर पेनाने लिहिलेले. मंजुश्रीने मोबाइलवर फोटो काढून पाठवलेले.)

सृष्टी,

मी केवळाबाई. माझं अक्षर वाकडं हाय ते समजून घे. पाटीवर लिवलं असतं तर सरळ आलं असतं. पन पाटी बंद हाय.

तुझी अज्जी तुला खरं सांगून न्हाई राहिली. नवीन पाटी आली त्या दिवशीच अक्षर परत मुंगीवानी झालं. पाटी पांढरी फेक. ती आतली बाई तर अशी पळती की तिच्यामागं कुत्रं लागलं. आमच्या दोघींचे डोळे म्हातारे. काहीच दिसंना. फाईल परत उघडायची कशी ते तुझी अज्जी इसरली. आन् कोनाला इचारायचं म्हणलं तर इचारू देत न्हाई. ते पत्र तिनं मंजुश्रीकडून लिहून घेतलं. तुझं पत्र आलं ते पन मंजुश्रीनंच वाचलं.

मी म्हणले, रत्नम्मा, सांग की पोरीला. तिनंच इचारलंय, लिंबाएवढं हाय का.

तर म्हणती कशी, “गप गं. पोरीनं जीव लावून केलंय. ताटात आलं ते प्रसाद. प्रसादाला नाव ठेवत नसतेत.”

मी म्हणले, “आगं पन प्रसाद खाता येतो. हे दिसतच न्हाई तर खाणार काय?”

मंजुश्री हसली तर तिच्यावर डाफरली. “तिच्या गाठोड्यावर लोकांची नजर हाय. मी नाव ठेवलं तर तो धारवाडचा दारातून हाकलून देईल तिला. माझ्या तोंडानं माझ्या नातीचं नुसकान व्हायचं न्हाई.”

मंग सांजच्याला बघितलं तर ते बंद लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती आन् वरून हात फिरवत होती. मला ते बघवलं न्हाई. म्हणून लिवलं. तुमच्यात नाव ठेवत नसतील, आमच्यात ठेवतेत. तोंडावर ठेवतेत.

माझं शिल्पाचं पत्र अर्ध्यात राहिलंय. तेवढं बघ.

केवळाबाई

*

नांदेड
४ फेब्रुवारी २०२५

अज्जी,

हे पत्र मंजुश्रीकाकूनं तुला मोठ्यानं वाचून दाखवायचंय. मध्ये गाळायचं नाही, काकू, शपथ आहे.

उमाशंकर बरोबर होते. मी चूक होते. नवी आवृत्ती बसताना पाटीचं सगळं फोल्डर जुनं काढून नवं ठेवते, त्यात तुझी फाईलही गेली. मी हात लावला की नाही याचा काही संबंधच नव्हता. माझ्या संगणकावर हे कधी दिसलं नाही, कारण मी ती फाईल कधी बदललीच नव्हती. मला मुंगीएवढं अक्षर दिसतं ना!

तुला समजेल असं सांगते. घर सारवायला आलेल्या बाईनं भिंती नव्या कराव्यात, पण देवळीतल्या तुझ्या विभूतीच्या डबीला हात लावायचा नसतो. मी तुझी डबी भिंतीतच लिंपून ठेवली होती. भिंत नवी केली, डबी गेली. इटीसीचं दालन म्हणजे ती देवळी. उमाशंकर महिनाभर हेच सांगत होते आणि मी त्यांच्या तोंडावर तुझं पत्र फेकत होते.

मी त्यांना सगळं लिहून टाकलं. वाटलं, आता दार कायमचं बंद. त्यांचं उत्तर आलं: ‘तुमच्या शेजारच्या केवळाबाईंना माझा नमस्कार सांगा. गाठोड्याला याच्याइतकी मोलाची गोष्ट दुसरी मिळत नाही. दुरुस्त करा, मी थांबतो.’

अज्जी, आमच्या या जगात नाव ठेवणारा माणूस पाहुण्यासारखा असतो. त्याचे आभार मानतात, त्याचं नाव लिहून ठेवतात. सगळे छान छान म्हणाले की प्रोग्रॅम मरतो. तू गप्प राहिलीस तर माझं वाचत नाही, बुडतं. म्हणून आता मला तुझ्याकडून प्रेम नको. तक्रार हवी.

काकूंना फोनवर सांगून फाईल मी इटीसीत ठेवायला लावते. अक्षर एकदा परत मोठं करून घ्या. मग नवी आवृत्ती येईल, ‘हो’ दाब, आणि काय बिघडलंय ते लिही. काही बिघडलं नाही असं लिहायचं नाही!

सृष्टी

*

जळकोट
१२ फेब्रुवारी २०२५

सृष्टीबाई,

बघ, मी लिहून राहिले! लिंबाएवढं! मंजुश्रीनं तुझ्याशी बोलत बोलत केलं, एक डोळा फोनवर आन् एक डोळा दुकानातल्या गुळाच्या ढेपेवर, मुंगळे लागून राहिलेत ढेपेला. मग नवी पट्टी आली. ‘हो’वर बोट ठेवून बसले. केवळा म्हणली, दाब, मी हाय. दाबलं. डोळे मिटून घेतले. उघडले तर लिंबू लिंबूच! पाटी काळी, अक्षर झेंडू! केवळा तर नाचली. तिच्या गुडघ्याला नाचायची सवय न्हाई, मग बाम लावत बसली.

आधी केवळीचा राग मला लई आला होता. म्हणलं, केवळीनं माझं नाक कापलं. दोन दिवस तिला चहा दिला न्हाई. ती तरी आली, स्वतःच आत जाऊन करून पिली, मला पन दिला. काय करशील असल्या बाईला.

मग मी इचार केला. आमच्या आईनं शिकवलं ते असं, ताट समोर आलं की ते गळ्यातल्या लिंगाला दावून मग खायचं, मग त्यात खोड काढायची न्हाई. ताटात शित ठेवायचं न्हाई, धुऊन पाणी पन पिऊन टाकायचं. सासरी तर मी करपलेली भाकर पन गोड म्हणून खाल्ली. तेच हाडात बसलंय. पन तू म्हणती तुमच्यात तक्रार हीच दक्षिणा. मग रांधणाऱ्याला कसं कळणार गं कमी काय झालं, जास्त काय झालं? आमच्या सासरच्या त्या बायकांना कोनी सांगितलंच न्हाई, म्हणून त्या जल्मभर करपवत राहिल्या का काय देव जाणे.

तर आता तोंड उघडते. जड जाऊन राहिलंय, पन उघडते.

बाई बोलत न्हाई.

अक्षर दिसतं, पाटी काळी हाय, समदं हाय, पन आतली बाई मुकी झाली. मी ‘शिव’ लिहिलं, गप्प. ‘सृष्टी’ लिहिलं, गप्प. केवळानं तिला शिवी लिहून बघितली, तरी गप्प. ती असली की मला वाटतं कोनीतरी ऐकून राहिलंय. तिच्याबिगर लिहिणं म्हंजे भिंतीशी बोलणं.

ही माझी तक्रार. वाईट वाटलं तर माफ कर. न्हाई, तू म्हणली प्रेम पन नको, नुसती तक्रार पायजे. मग माफी पन नको.

अज्जी

ता. क. तो धारवाडचा कन्नड बोलत असेल. त्याला माझ्याकडून सांग, छलो माडिदिरी. म्हंजे लई चांगलं केलं. मी त्याला मनात लई शिव्या घातल्या होत्या, त्या कन्नडमधूनच होत्या.

*

नांदेड
१९ फेब्रुवारी २०२५

अज्जी, शरणु शरणार्थ.

तुझी तक्रार वाचून मी टेबलावर हात आपटला. आनंदराज दचकला.

तुझी बाई मुकी का झाली ते सापडलं. तुझी फाईल कुठं ठेवली आहे, तो पत्ता मी पाटीच्या पोटात तीन ठिकाणी लिहिला होता. दोन ठिकाणी नवा पत्ता लिहिला. तिसरा बाईच्या भागात होता, तो विसरले. ती बिचारी अजून जुन्या घरी जाऊन दार वाजवत होती, तिथं कुणी नव्हतं, म्हणून गप्प बसली. आता पत्ता एकाच ठिकाणी लिहिलाय, सगळे तिथंच विचारतात. आणि उद्या कुणी दुसऱ्याच दालनात ठेवायचं ठरवलं, तर बांधणाऱ्यानं तेवढा एकच पत्ता बदलायचा. हेही उमाशंकरनीच सुचवलं. खवट माणूस म्हणाले होते ना मी? तो शब्द परत घेतला.

हे तुझ्या पत्राशिवाय आम्हा दोघांनाही दिसलं नसतं. माझ्या संगणकावर जुन्या जागी जुनी फाईल अजून पडून होती, आणि त्यांनी आवाज बंद ठेवूनच तपासलं होतं!

त्यांना तुझं ‘छलो माडिदिरी’ पोचवलं. शिव्यांचंही सांगितलं. ते म्हणतात, कन्नडमधल्या होत्या तर आशीर्वाद समजतो. पण दार अजून उघडलं नाहीये. त्यांची एक अट आहे. येत्या आठवड्यात एकामागून एक दोन आवृत्त्या येतील. दोन्ही वेळा ‘हो’ दाब. दोन्हींनंतर अक्षर, रंग आणि बाई, तिन्ही तू ठेवलंस तसंच राहिलं, असं तू स्वतः लिहिलंस, तर ते सही करणार. मी लिहिलेलं चालणार नाही म्हणाले. तुझा शब्द हवा.

आता तुझ्या हातात आहे, अज्जी. खरं तेच लिही. बिघडलं असेल तर बिघडलं.

सृष्टी

*

जळकोट
महाशिवरात्र, २६ फेब्रुवारी २०२५

माझ्या सृष्टीबाईला, आन् त्या धारवाडच्या उमाशंकरअण्णाला पन,

उपास हाय, भगर झाली, देवळात जाऊन आले, आता निवांत बसले. सोमवारी तुझं पहिलं आलं. ‘हो’ दाबलं. काल दुसरं आलं. ‘हो’ दाबलं. डोळे मिटले न्हाईत ह्या वक्ताला.

अक्षर लिंबाएवढं हाय. पाटी काळी हाय. झेंडू झेंडूच हाय. आन् बाई बोलून राहिली, हळू, मी सांगितलं तसं. आत्ता पन मी ‘बाई’ लिहिलं तर ती स्वतःचंच नाव स्वतः वाचून मोकळी. खोटं एक अक्षर न्हाई. केवळा साक्षीला बसली हाय, ती म्हणती माझं पन नाव लिही, न्हाईतर तो अण्णा म्हणल म्हातारी परत नातीला झाकून राहिली.

केवळाचं पत्र शिल्पाला गेलं. शिल्पानं जावयाला वाचून दावलं म्हणं. जावई म्हणला, आत्याबाई, तुमचं अक्षर आमच्या साहेबापेक्षा चांगलं. ते अक्षर पाटीचं हाय, केवळाचं न्हाई, पन मी काय बोलले न्हाई. तक्रार कुठं करायची आन् कुठं न्हाई ते पन कळाय पायजे माणसाला.

इथपर्यंत लिहिलं होतं आन् मंजुश्री पळत आली. मोबाइल दावला. तुझा निरोप. महिना संपत आला म्हणून अण्णानं माझ्या पत्राची वाट न बघता सकाळी मंजुश्रीला फोन करून इचारलं होतं, मला फोनवर ऐकू येत न्हाई म्हणून मी तिला ‘हाव, हाव, समदं जागेवर हाय’ म्हणले, माझा तो तोंडी शब्दच त्यानं उत्तर धरला. म्हंजे घेतली गं! भांडारात पाटी घेतली! विरूपाक्षानं दुकानातल्या गिऱ्हाइकांना पेढे वाटले. मला उपास, मी वास घेतला. आन् म्हणं त्यात आभाराच्या जागी ‘रत्नम्मा आणि केवळाबाई, जळकोट’ असं लिहिलंय. मंजुश्रीनं ते मोठं करून दावलं. लिंबाएवढं. मी बोट ठेवून वाचलं. दोनदा वाचलं. पाटीतल्या बाईकडून पन वाचून घेतलं.

आता कुठल्या गावच्या वाचनालयात कोनी म्हातारी बसंल, तिला पन वाटल पाटी आपली हाय. तिचं लिंबू कोनी पुसायचं न्हाई. एवढं झालं, बास. साकु.

आन् हां, सृष्टी. तू म्हणली ना, गप्प राहिलं की रांधणाऱ्याचं वाटोळं होतं. रात्रंदिवस तेच डोक्यात घोळून राहिलंय. म्हणून आज शिवरात्रीला, देवाला साक्ष ठेवून सांगते.

येळवसेच्या तुझ्या आंबिलीत मीठ लई झालतं.

समद्यांनी पिली, थेंब ठेवला न्हाई, ते खरं. पन मग दिवसभर बारवेवर पाणी पीत बसले. पुढच्या येळवसेला ये. मी शेजारी उभी राहते, मीठ तू टाक.

तुझी अज्जी